खूण आणि खात्री

मोटारसायकलच्या पायाशी असणारा गिअरचा दांडा ही मोठी अबोल वस्तू आहे. पावलाने त्याला दाबावे, त्याने आत गिअरपेटीत काय ते घडवावे, आणि पाऊल उचलताच मुकाट्याने आपल्या मूळ जागी येऊन थांबावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये असो वा चौथ्या, दांड्याकडे पाहून काहीच कळावयाचे नाही. केलेल्या कामाची एकही खूण तो आपल्या अंगावर ठेवीत नाही. मोटारीतील हाताचा दांडा असा नसतो. तो कोणत्या खाचेत उभा आहे यावरूनच गिअर कळतो. ज्यांनी पूर्वीची ‘चेतक’ स्कूटर चालवली असेल त्यांना डाव्या मुठीवरचे आकडे आठवतील. मूठ फिरवली की आकडाही फिरे. तेथे कृती आणि तिची खूण एकाच वस्तूत नांदत होत्या.

मोटारसायकलीतही आरंभी अशीच सोय होती. टाकीच्या बाजूस हाताने ओढावयाचा दांडा असे आणि त्याच्यासाठी खाचांची पट्टी असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातील वेलोसेट कंपनीने एक निराळी योजना पुढे आणली. पायाच्या प्रत्येक दाबासरशी नेमका एकच गिअर बदलावा आणि दांड्याने पुन्हा मूळ जागी यावे, अशी ती योजना. चालकाचे दोन्ही हात हँडलवर राहू लागले, गिअर क्षणात बदलू लागला, आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. या सुधारणेत काय मिळाले हे उघड आहे. काय गेले हे सहसा ध्यानात येत नाही. गाडी या घटकेला कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारी खूण गेली. दांडा जे विसरतो ते चालकाने आपल्या स्मरणात, कानात आणि पावलात साठवावे, असा एक नवा करार जणू मनुष्य आणि यंत्र यांच्यात झाला.

हा करार बहुधा नीट पाळला जातो. इंजिनाचा सूर, गाडीचा वेग, क्लच सोडताना बसणारा ओढा, यांवरून सरावलेल्या माणसास गिअर कळतो. परंतु मन दुसरीकडे गेले, दिवसभराचा थकवा असला, किंवा चौकातल्या गर्दीत इंजिनाचा आवाजच बुडून गेला, की करार मोडतो. गाडी न्यूट्रलमध्ये आहे असे समजून क्लच सोडावा आणि ती पुढच्या माणसाच्या अंगावर उडी घ्यावयास धावावी. चौथ्यातून तिसऱ्यात येतो आहोत असे समजून दांडा दाबावा, ती असावी दुसऱ्यात, पडावी पहिल्यात, आणि मागचे चाक रस्त्यावर घसरत जावे. असे प्रसंग पुष्कळांनी अनुभवले असतील. म्हणून गिअरचा आकडा दाखवणारा दिवा असावा ही इच्छा स्वाभाविक होय. १९७० च्या दशकात जपानच्या सुझुकी कंपनीने आपल्या काही मोठ्या गाड्यांवर असा आकडा बसवलाही. आजच्या कित्येक नव्या गाड्यांवर तो कारखान्यातूनच येतो.

प्रश्न उद्भवतो तो जुन्या गाडीच्या बाबतीत, आणि आपल्या देशात जुनी गाडी म्हटली की डोळ्यांपुढे बुलेट येते. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड कंपनीची ही गाडी तयार होऊ लागली, आणि पुढे कित्येक दशके तिचा साचा फारसा बदलला नाही. गिअर चार, दांडा उजव्या पायाशी, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. पुढच्या काळात डाव्या पायाच्या गाड्यांवर शिकलेल्या माणसास ही गाडी उलट्या लिपीसारखी वाटते. रचनाकारांनी चालकास एक दिलासा मात्र दिला होता. गिअरपेटीवर टाचेने दाबण्याजोगा एक आखूड दांडा असे. तो दाबला की पहिला सोडून इतर कोणत्याही गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलमध्ये येई. खूण दाखवण्याऐवजी त्यांनी एक खात्रीची जागा दिली. माणसास आपण कोठे आहोत हे कळत नसेल, तर निदान घरी परतण्याची वाट त्याला ठाऊक असावी, असा तो विचार दिसतो.

अशा गाडीवर आज गिअरदर्शक बसवणे अवघड राहिलेले नाही. लहानसे यंत्र थोड्या खर्चात मिळते आणि कुशल मिस्त्री अर्ध्या दिवसात ते बसवून देतो. परंतु आकडा उमटू लागला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे; खरा प्रश्न तेथून सुरू होतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? त्याचे उत्तर, तो आकडा आला कोठून, यावर अवलंबून आहे. तो येण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत, आणि त्या तिहींत जो भेद आहे तो केवळ यंत्रविद्येचा नाही.

पहिला मार्ग सर्वांत सोपा, आणि हौशी कारागीर कधी कधी तोच पत्करतात. दांड्याजवळ एक बटण बसवावे आणि दांडा किती वेळा वर गेला, किती वेळा खाली आला, याची मोजदाद ठेवावी. एकदा दाबले, आकडा एकाने वाढला. उलट दाबले, एकाने घटला. वरवर पाहता यात दोष दिसत नाही. परंतु हा दर्शक गिअर दाखवीत नाही. तो चालकाची इच्छा दाखवतो. पाऊल अर्धवट दाबले गेले आणि गिअर पडलाच नाही, किंवा दोन गिअरांच्या मधल्या फसव्या न्यूट्रलमध्ये गाडी अडकली, तरी हा दिवा निःशंकपणे पुढचा आकडा दाखवतो. आणि एकदा चूक झाली की ती पुढच्या प्रत्येक आकड्यात शिल्लक राहते.

ही चूक क्षुल्लक वाटत असेल तर एक मोठे उदाहरण पाहावे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात गंभीर अपघात झाला. अणुभट्टीतील दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि ती पुन्हा मिटावयास हवी होती. नियंत्रणकक्षातील दिव्यावरून ती मिटल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात ती उघडीच अडकून राहिली होती आणि भट्टी थंड ठेवणारे पाणी तिच्यावाटे निघून जात होते. दिवा खोटे बोलला असेही म्हणता येत नाही. कारण झडपेची स्थिती दाखवण्यासाठी तो बसवलेलाच नव्हता. झडपेला मिटण्याची आज्ञा गेली, एवढेच तो सांगत होता. पाहणाऱ्यांनी मात्र आज्ञा गेली याचा अर्थ आज्ञा पाळली गेली असा घेतला. काही तासांत भट्टीच्या गाभ्याचा बराचसा भाग वितळला.

यंत्राच्या या दोषात आपल्या नित्याच्या आचरणातला एक दोष स्पष्ट दिसतो. आपणही पुष्कळदा आपल्या संकल्पांची मोजदाद करतो आणि तिलाच कृतीचा हिशेब समजतो. मुलाला समजावले, म्हणजे तो समजला. क्षमा मागितली, म्हणजे ती मिळाली. एखादी सवय सोडण्याचा निश्चय केला, म्हणजे ती सुटली. दांडा दाबला होता हे खरेच असते. गिअर पडला की नाही, हे पाहण्याचे मात्र आपण टाळतो. आणि दिवा आपणच बसवलेला असल्यामुळे तो आपल्याला कधी दोष देत नाही.

दुसरा मार्ग अनुमानाचा. गाडी चालत असता इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचे प्रमाण प्रत्येक गिअरमध्ये ठरलेले असते. समजा, इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते आहे आणि चाक ३००. प्रमाण दहास एक. दुसऱ्या एखाद्या गिअरमध्ये तेच प्रमाण सहास एक येईल. इंजिनाचे फेरे ठिणगीच्या विजेवरून मोजता येतात आणि चाकाचे फेरे चाकावर बसवलेल्या लहान चुंबकावरून. यंत्राला आधी प्रत्येक गिअरमध्ये गाडी चालवून ही प्रमाणे शिकवावी लागतात. मग ते मोजलेले प्रमाण शिकलेल्या प्रमाणांशी ताडून आकडा सांगते. जुन्या गाडीस हाच मार्ग बहुधा सोयीचा पडतो, कारण गिअरपेटीला हात लावावा लागत नाही.

न्यायदर्शनाचा थोडा परिचय असणाऱ्यास येथे धूर आणि अग्नी यांचे जुने उदाहरण आठवल्यावाचून राहणार नाही. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणावयाचे, तर दोहोंचे साहचर्य आधी पक्के ठाऊक असावे लागते, आणि दिसतो तो धूरच आहे, दुरून दिसणारी वाफ नव्हे, याचीही खात्री असावी लागते. या गिअरदर्शकाचे सामर्थ्य आणि मर्यादा नेमक्या याच आहेत. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. मग प्रमाणाला अर्थ उरत नाही. साखळीचे दातेरी चक्र बदलून कमीजास्त दात्यांचे बसवले की शिकवलेले साहचर्यच बदलते आणि यंत्राला पुन्हा धडे द्यावे लागतात. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही, की गाडी थांबली म्हणजे चाकाचे फेरे शून्य होतात व अनुमानाचा आधारच नाहीसा होतो. चौकात उभ्या असलेल्या चालकास ‘मी आता न्यूट्रलमध्ये आहे काय?’ हा प्रश्न पडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ज्ञान देणारा मूक होतो.

तरीही या दर्शकात एक मोठा गुण आहे. चांगले यंत्र असेल तर मोजलेले प्रमाण कोणत्याही गिअरशी जुळत नसता ते आकडा न दाखवता नुसती एक आडवी रेघ दाखवते. ती रेघ म्हणजे ‘मला ठाऊक नाही’ अशी कबुली होय. पुष्कळ मालक या रेघेवर चिडतात आणि यंत्र बिघडले म्हणून मिस्त्रीकडे धाव घेतात. वस्तुतः त्या यंत्राचा सर्वांत विश्वसनीय शब्द तोच. शिवाय या दर्शकाची चूकही कधी कधी बोलकी असते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे हे निश्चित ठाऊक असता चढावर आकडा वारंवार दोनकडे घसरत असेल किंवा रेघ दाखवीत असेल, तर दर्शक उखडून टाकण्यापूर्वी क्लचच्या चकत्या तपासाव्यात. त्या झिजून घसरू लागल्या की इंजिनाचे फेरे चाकाच्या मानाने वाढतात, आणि यंत्रास गिअर खालचा वाटतो. गिअरविषयी ते चुकले. पण गाडीविषयी त्याने खरी बातमी दिली. आपल्या समजुतीशी न जुळणारे बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीतही एवढा धीर धरला तर पुष्कळ अन्याय टळतील.

तिसरा मार्ग साक्षीचा. पुष्कळ गाड्यांच्या गिअरपेटीत गिअर हलवणारा एक दंडगोल असतो. प्रत्येक गिअरला तो ठरावीक अंशाने फिरतो. त्याच्या टोकाशी विजेचे स्पर्शबिंदू बसवले की ज्या बिंदूस स्पर्श होईल त्या गिअरचा दिवा लागतो. न्यूट्रलचा नेहमीचा हिरवा दिवा याच पद्धतीने लागतो. येथे इच्छा मोजलेली नाही, अनुमान केलेले नाही. जी वस्तू बदलली तिचीच साक्ष घेतली आहे. गाडी उभी असली तरी ही साक्ष मिळते. म्हणून तिन्हींत हा मार्ग श्रेष्ठ. जुन्या गिअरपेटीत मात्र अशा स्पर्शबिंदूंसाठी जागाच ठेवलेली नसते, हा भाग निराळा.

परंतु साक्षीदार खरा असला तरी त्याचा निरोप आणणारी वाट बिघडू शकते, आणि हा बिघाड नीट समजून घेण्यासारखा आहे. न्यूट्रलच्या दिव्याची तार तुटली तर दिवा कधीच लागणार नाही. चालक त्रासेल, पण सावध राहील. उलट, तीच तार गाडीच्या सांगाड्याशी घासून तिचे वेष्टन झिजले आणि आतले तांबे लोखंडास टेकले, तर मंडल कायमचे पूर्ण होते, आणि गाडी कोणत्याही गिअरमध्ये असो, हिरवा दिवा जळतच राहतो. दोन्ही बिघाड तारेचेच. दोन्हींना दुरुस्ती पाच मिनिटांची. परंतु एकात दिवा मौन धरतो, दुसऱ्यात तो खोटा होकार देतो. या दोन दोषांची नैतिक किंमत सारखी नाही. रेल्वेच्या सिग्नलची रचना करणाऱ्यांनी हे जुन्या काळीच ओळखले होते. बिघाड झालाच तर सिग्नलने थांबण्याचीच खूण दाखवावी, हे त्यांचे मूलभूत तत्त्व.

ज्ञान स्वतःच प्रमाण असते, की त्याचे प्रामाण्य बाहेरून ठरवावे लागते, हा वाद आपल्या दर्शनकारांत फार जुना आहे. मीमांसकांचे म्हणणे, बाधा येत नाही तोवर ज्ञान खरेच मानावे. नाही तर व्यवहारच थांबेल. नैयायिकांचे म्हणणे, कृती सफल झाली म्हणजे मग ते ज्ञान खरे होते असे कळते. पाणी दिसले, गेलो, तहान भागली, तेव्हा ते मृगजळ नव्हते. मोटारसायकलीवर बसलेला मनुष्य रोज या दोन्ही मतांतून ये-जा करीत असतो. रस्त्यावर चालत असता तो मीमांसक असतो. प्रत्येक आकड्याची चौकशी करीत बसला तर समोरचा खड्डा त्यास दिसावयाचा नाही. परंतु चौकात, समोरून लहान मुले रस्ता ओलांडीत असता, त्याने नैयायिकच झाले पाहिजे. हिरवा दिवा दिसत असला तरी क्लच हळूच सोडून, गाडी ओढ घेत नाही ना, हे पाहिले पाहिजे. संशय केव्हा घ्यावा, याचे उत्तर दिव्याच्या गुणावर जितके अवलंबून आहे, तितकेच चूक झाल्यास ती कोणाच्या अंगावर पडणार आहे, यावरही आहे.

जुन्या गाड्यांच्या रसिकांना ही सारी चर्चा अनावश्यक वाटते. ज्यास इंजिनाचा सूर कळत नाही, त्याने बुलेटवर बसूच नये, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पावलात मुरलेले ज्ञान कोणताही दिवा देऊ शकत नाही. परंतु हे ज्ञान ज्या शरीरात मुरले आहे ते शरीर टिकाऊ नाही, ही गोष्ट ते विसरतात. इंदुरातील माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांची जुनी बुलेट होती. मधुमेहाने त्यांच्या तळपायांची संवेदना कमी होत गेली. कान शाबूत होते, पण दांडा पडला की नाही हे पावलास कळेनासे झाले. मुलाचा आग्रह, “बाबा, आता गाडी काढून टाका.” त्यांचा विचार, दर्शक बसवून घ्यावा. त्यांचा मिस्त्री पुष्कळ वर्षांच्या ओळखीचा. त्याने तिन्ही प्रकार समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाला, “बत्ती तो जल जाएगी, बाबूजी, पर जब वो चुप रहे, तब आप क्या करेंगे?”

या एका प्रश्नात मला सबंध विषयाचे सार दिसते. त्या गृहस्थांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी अनुमानाचा, रेघ दाखवणारा दर्शक बसवून घेतला. थांबावयाचे असता दुसऱ्या गिअरमध्येच टाचेने न्यूट्रलचा दांडा दाबण्याचा आणि क्लच हळूच सोडून पाहण्याचा नेम ठेवला. आणि स्वतःस एक मर्यादा घालून घेतली. दिव्यावर रेघ उमटली असता आपल्या इतर इंद्रियांच्या आधारे गिअर ठरवता येतो तोवर गाडी चालवायची. वर्ष-दीड वर्ष त्यांनी ती तशी चालवली. मग एके दिवशी त्यांनी आपण होऊनच किल्ली मुलाच्या हाती दिली. टाच दांड्यावर टेकली आहे की नाही हेच आता समजत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. दर्शक तेव्हाही उत्तम चालत होता.

मनुष्याने परावलंबी होऊच नये, असा याचा अर्थ घेऊ नये. डोळ्यांनी अधू माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो, आजारी माणूस वैद्याच्या शब्दावर औषध घेतो, आणि त्यात काही उणेपणा नाही. तेथे विश्वासाची जोखीम मुख्यतः विश्वास ठेवणाराच उचलतो. रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. तेथे मी दिव्यावर विश्वास ठेवावयाचा आणि दिवा चुकला तर इजा समोरून जाणाऱ्या अनोळखी माणसास व्हावयाची. दुसऱ्याच्या जिवावर विश्वास ठेवण्याचा अधिकार कोणासच नाही. म्हणून खुणेचा उपयोग किती करावा याची मर्यादा, ती खूण नाहीशी झाली असता आपण कोणास इजा न करता थांबू शकतो काय, यावरूनच ठरवली पाहिजे.

जो दुसऱ्यासाठी खूण बसवतो, त्याची जबाबदारी याहूनही मोठी आहे. खूण नव्हती तोवर चालकाचे अज्ञान त्याला जागे ठेवीत होते. खूण बसली की ती जागृती हळूहळू निजते. मग खूण खोटी ठरली, तर चालक पूर्वीइतकाही सुरक्षित राहत नाही. म्हणून खूण बसवणे म्हणजे एक वचन देणे होय, आणि ठाऊक नसेल तेव्हा स्पष्ट नकार देण्याची व्यवस्था नसलेले वचन अपुरे होय. मिस्त्री असो, शिक्षक असो वा वृत्तपत्रकार असो, आपल्या शब्दावर दुसरा मनुष्य आपले लक्ष सैल सोडणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने आपल्या दर्शकात आकड्यांच्या आधी ती आडवी रेघ बसवावी.